वर गेलेली हवा उतरते कुठे?

ऑगस्टच्या मध्यावर महाबळेश्वरच्या बाजारपेठेत भर दुपारी दिवे लावावे लागतात. धुकं दुकानात शिरतं, भिंतींना ओल चढते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्याच दिवशी, त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या दहिवडीच्या शिवारात बाजरी माना टाकू लागलेली असते. दोन्ही गावांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. पण एकीकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि दुसरीकडे पाचशेच्या आसपास.

शाळेच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शब्द चांगला आहे, पण थोडा फसवा. त्यातून असं वाटतं की सह्याद्रीने छत्री धरली आणि पाऊस अडला, इतकंच. प्रत्यक्षात डोंगर चढताना हवा आपलं बरंचसं पाणी टाकून देते आणि पलीकडे उतरताना तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं आणि व्हॉल्व्ह दाबला की बाहेर येणारी हवा गार लागते. दाबली की हवा तापते, पसरली की निवते. वर जाणारी हवा पसरते, निवते, ढग धरते. खाली येणारी दाबली जाते, तापते आणि तिच्यातले ढग विरून जातात. माणच्या आकाशात दिसणारे आणि न बरसता जाणारे ढग या उतरत्या हवेच्या वाटेवर असतात.

आता हाच डोंगर काढून टाकावा आणि त्याच्या जागी सगळी पृथ्वी ठेवावी.

लंडनमधले एक वकील, जॉर्ज हॅडली, यांनी १७३५ मध्ये एक छोटासा निबंध लिहिला. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांना वर्षभर साथ देणारे व्यापारी वारे ईशान्येकडूनच का येतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर थोडक्यात असं : विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला दोन्हीकडून वारे धावतात आणि पृथ्वी फिरत असल्याने त्यांची वाट तिरपी होते. हॅडलींना वाटलं होतं की वर गेलेली हवा थेट ध्रुवापर्यंत जाऊन उतरते. तसं होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची वाट वळत जाते आणि साधारण तिसाव्या अंशाच्या आसपास ती खाली येते. त्यापलीकडच्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याचा उलगडा १८५६ मध्ये विल्यम फेरेल या अमेरिकी शाळामास्तरांनी केला.

विषुववृत्तावरची हवा पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढते आणि त्या प्रवासात जवळजवळ सगळं पाणी सोडते. ही कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंश तापते. ती उतरते त्या पट्ट्यात सहारा आहे, अरबस्तान आहे, दक्षिण गोलार्धात कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट आहे. म्हणजे जगातली मोठी वाळवंटं आणि विषुववृत्ताची घनदाट जंगलं हे एकाच व्यवहाराचे जमा आणि खर्च आहेत.

पण निसर्गाची खातेवही इतकी सरळ नसते. तिसाव्या अंशावर सगळीकडे वाळूच हवी होती. कैरो तिथे आहे आणि त्याच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम पंचवीस मिलिमीटर पाऊस येतो. चीनमधलं वुहानही जवळपास त्याच अक्षांशावर आहे, पण तिथे हजाराच्या वर पडतो. फरक मान्सूनचा. आशियाचा प्रचंड भूभाग उन्हाळ्यात तापतो, समुद्रावरची ओली हवा आत ओढतो आणि अक्षांशाचा नियम मोडून टाकतो.

हा नियमभंगही फुकट होत नाही. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये संगणकावरच्या प्रतिरूपातून दाखवलं की, दक्षिण आशियातले मान्सूनचे ढग जी उष्णता सोडतात तिच्यामुळे दूर पश्चिमेला, पूर्व सहारा आणि पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली बसते. ग्रीसच्या किनाऱ्यावर जुलैत पर्यटक ज्या निरभ्र आकाशाखाली पहुडतात, त्यात भारतातल्या मुसळधार पावसाचाही वाटा आहे.

हे झालं नेहमीचं. यंत्र अडकलं की काय होतं, ते २०१०च्या उन्हाळ्याने दाखवलं. मध्य अक्षांशांवर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह नदीसारखी वळणं घेतो, आणि ही वळणं सहसा पुढे सरकत राहतात. त्या जुलैत एक वळण पश्चिम रशियावर ठाण मांडून बसलं. त्याच्या पोटात हवा आठवडेच्या आठवडे खाली उतरत राहिली. २९ जुलैला मॉस्कोत पारा ३८.२ अंशांवर गेला, आसपासची जंगलं पेटली, शहर धुरात बुडालं. पीक इतकं करपलं की ऑगस्टमध्ये रशियाने गव्हाची निर्यात थांबवली. त्याच वळणाचा पूर्वेकडचा भाग दक्षिणेला खचून पाकिस्तानच्या उत्तरेपर्यंत पोचला होता आणि तिथे त्याची गाठ मान्सूनच्या ओल्या हवेशी पडली. सिंधू फुगली. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा पुराच्या तडाख्यात सापडला, जवळपास दोन कोटी लोकांना झळ बसली. वर्तमानपत्रांनी दोन वेगळ्या बातम्या दिल्या. हवेच्या दृष्टीने ती बरीचशी एकच घटना होती.

महाराष्ट्रालाही या उंचावरच्या वाऱ्यांचा हिसका बसलेला आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक इथे गारा पडत राहिल्या. द्राक्षाचे मंडप आडवे झाले, काढणीला आलेला गहू आणि हरभरा मातीत गेला. एरवी उत्तरेकडे राहणारे पश्चिमी वारे त्या दिवसांत बरेच दक्षिणेपर्यंत उतरले होते.

हवामानाचे हे पट्टेही कायमचे आखलेले नाहीत. गेल्या चार दशकांच्या नोंदींनुसार उतरत्या हवेचा पट्टा हळूहळू ध्रुवांकडे सरकतो आहे, दक्षिण गोलार्धात अधिक स्पष्टपणे. केप टाउनला हिवाळ्यात पश्चिमी वारे पाऊस आणतात. २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षं त्यातला बराच पाऊस शहराला चुकवून दक्षिणेकडून गेला आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज पन्नास लिटर पाण्यावर भागवण्याची वेळ आली.

आपली मोजमापं मात्र गावाच्या हद्दीत बसवलेली. पाऊस महसूल मंडळाप्रमाणे मोजायचा, पिकाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या उताऱ्याच्या तुलनेत आलेलं पीक, गावागणिक काढायची; ती पन्नास पैशांच्या आत आली की पूर्वी दुष्काळ मानला जाई. मदत गावालाच द्यायची, तेव्हा मोजणीही गावाचीच हवी, हे खरं. घोळ होतो तो कारण शोधताना. कारणही आपल्याच हद्दीत सापडेल असं वाटतं, आणि मग ते कधी तोडलेल्या झाडांवर, कधी नशिबावर, कधी शेजारच्या तालुक्यातल्या पवनचक्क्यांवर ढकललं जातं.

हद्दीबाहेर पाहण्याची सवय ज्यांनी लावली त्यांत गिल्बर्ट वॉकर हे मोठं नाव. १९०४ मध्ये भारताच्या वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले तेव्हा ते गणितज्ञ होते, हवामानाचा अनुभव नव्हता. त्यांनी जगभरच्या नोंदी मागवल्या आणि सिमल्यात भारतीय कारकुनांकडून हाताने आकडेमोड करून घेतली. शोध होता मान्सूनच्या अंदाजाचा. हाती लागला प्रशांत आणि हिंदी महासागरांमधल्या हवेच्या दाबाचा झोका : एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तो अल निनो याच झोक्याशी बांधलेला आहे, हे वॉकर गेल्यावर उमगलं. अल निनो सहसा मान्सूनला मारक ठरतो, तरीही तो हुकमी पत्ता नाही. १९९७ मध्ये प्रचंड अल निनो असूनही भारतात सरासरीइतका पाऊस झाला आणि २००२ मध्ये त्याहून कितीतरी सौम्य अल निनोने जुलै कोरडा घालवला.

वेधशाळेचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज येतो, तेव्हा मध्य प्रशांत महासागराचं पाणी किती तापलं आहे हे आधी पाहिलेलं असतं. पुढे जूनमध्ये दहिवडीच्या बाजारात बियाणं घ्यायला आलेला शेतकरी दुकानदाराला विचारतो, ‘यंदा अल निनो हाय म्हणत्यात, खरं का?’ दुकानदार मान हलवतो. शेतकरी थोडा वेळ थांबतो आणि बाजरीच्या पिशवीबरोबर मटकीचीही एक पिशवी बांधून घेतो.