रंग किती उरलाय?

वऱ्हाडात स्पोर्ट्‌स कार हा तसा चेष्टेचा विषय. ज्या रस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंबरा ढिल्या केल्या, तिथे जमिनीला पोट टेकवत चालणारी गाडी घेणार कोण? पण जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला की वेगाची हौस मागोमाग येतेच. नवी घ्यायची ऐपत नसते, म्हणून पुण्या-मुंबईकडे वापरलेली एखादी ऑक्टाव्हिया आरएस, एखादी पोलो जीटी एमएच १२ ची पाटी घेऊन अमरावतीच्या एमएच २७ किंवा अकोल्याच्या एमएच ३० च्या गावात येते. इंजिन ठणठणीत असतं. रंग मात्र थकलेला असतो.

मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे ठरलेला संवाद होतो. "बफिंग मारून देतो न भाऊ, एकदम शोरूमवानी!" मालक खूश. बफिंगने नेमकं होतं काय, हे कुणी विचारत नाही. बहुतेकांच्या मनात ती कल्हईसारखी गोष्ट असते: जुन्यावर काहीतरी नवं चढतं आणि भांडं लखलखतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. बफिंगमध्ये चढत काहीच नाही, उतरतं.

आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर येत गेलो तर आधी प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून निघताना या सगळ्यांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस त्याहून जाड असतो. ओरखडा म्हणजे या थरातली चर. बफिंगच्या कंपाउंडमधली बारीक कणी ती चर बुजवत नाही, आजूबाजूची पातळी चरीच्या तळापर्यंत खाली आणते. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड सरळ परत फिरतो आणि आपण म्हणतो, चमक आली. ऊन सोसणारी रसायनंही याच थरात मिसळलेली असतात. म्हणजे प्रत्येक बफिंगला चमक वाढते आणि उन्हाशी लढायची ताकद घटते. जी वस्तू पुन्हा भरता येत नाही, तिच्यातूनच हा खर्च चालतो.

आणि ऊन कुठलं, तर अकोल्याचं! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तर पेपरात बातमी येते, माणसं मात्र चकित होत नाहीत. त्या उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट आणि टप आधी जातात, दारं बरीच वर्षं टिकतात. कारण साधं आहे, ऊन वरून पडतं. लाल रंगाचं तर सांगायलाच नको. जुन्या लाल मारुती ८०० आठवा, शेवटी त्या गुलाबी होऊनच फिरत होत्या.

दुसरा शत्रू पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतून जातो. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पीत आली, ही खरी शोकांतिका. गाडीचं रडगाणं त्यापुढे किरकोळच. तरी बोअरच्या पाण्याने भर उन्हात गाडी धुवून तशीच सोडून दिली, तर प्रत्येक थेंब वाळताना क्षारांची पांढरी वर्तुळं मागे ठेवतो. वेळीच पुसली तर जातात. राहिली तर क्लिअर कोटमध्ये रुततात, आणि मग घासण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण माझ्या मते रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो तो रोज सकाळी कोरडं फडकं मारणारा हौशी मालक. काळ्या मातीची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात बारीक कच असते आणि कोरड्या फडक्याखाली तीच ओरखडे पाडते. आपल्याकडे गाडीवरचं प्रेम फडक्यानेच व्यक्त होतं, त्याला इलाज नाही.

जाणता पेंटर आधी मशीन काढत नाही. तो बॉनेटच्या कोपऱ्यावर थोडं पॉलिश लावून पांढऱ्या कापडाने घासतो. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, जुन्या पद्धतीचा एकेरी रंग आहे. कापडावर रंग उतरला नाही तर क्लिअर आहे. मग तो टपाकडे बघतो. तिथे पापुद्रे सुटलेले दिसले की विषय संपतो. असाच एक पेंटर गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "क्लिअर मेलं हाये भाऊ. मेलेल्याले पालिश काहाले मारता?" इतकं स्पष्ट निदान फार थोड्या दुकानांत ऐकायला मिळतं, कारण निदानाचे पैसे कुणी देत नाही, चमकेचे देतात.

जुन्या गाड्यांचा बाजार याच चमकेवर चालतो. विकण्याआधी ओरखड्यांत तेलकट ग्लेझ भरून गाडी दिव्याखाली उभी केली की आरशासारखी दिसते. चार वेळा धुतली की बॉनेटवर बारीक ओरखड्यांची कोळ्याची जाळी परत उमटतात. उलट काही जण आणलेल्या गाडीला सरसकट 'फुल बॉडी पेंट' मारतात. मूळ रंग कंपनीच्या भट्टीत भाजलेला असतो. तो एकदा खरवडला की कुठलंही गॅरेज तो तसाच परत आणू शकत नाही. रंगच बदलला तर आरसी बुकातली नोंद बदलायला आरटीओची पायरी चढावी लागते, ते वेगळंच.

नवं दिसणं म्हणजेच किंमत, असं आपण धरून चालतो. वापरलेल्या स्पोर्ट्‌स कारचं मराठी माणसाला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण याच्या उलट आहे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला लाल फेरारी ३६० मोडेना मिळाली. सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर फेरारीचा फॉर्म्युला वन चालक शूमाकरने चावी दिली. पुढे आयात शुल्कमाफीवरून वादळ उठलं, शेवटी ते शुल्क फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटने भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. तिचं मोल ती कुणी चालवली यात होतं, आणि तो इतिहास पॉलिशने येत नाही.

याचा अर्थ गाडी मळकट ठेवा असा नव्हे. चमकणाऱ्या गाडीकडे वळून बघण्यात पाप काही नाही, मीही बघतो. माझं म्हणणं एवढंच की एकदा, सकाळच्या गारव्यात, कमीत कमी घासून पॉलिश करून घ्यावं आणि त्यानंतर राखावं. नखाला लागतो तो खोल ओरखडा तसाच असू द्यावा. सिरॅमिक कोटिंगवर खर्च करायचा तर करा, पण टिप्परमागून उडालेला खडा त्याने अडत नाही. सावली, कव्हर, गोडं पाणी आणि ओलं मऊ कापड यांचं काम जास्त.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती दुकानाच्या दिव्यातून बाहेर काढून उन्हात उभी करायला सांगा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते बॉनेट, टप आणि दारांना लावून बघा. आकडा ३०० मायक्रॉनच्या वर गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय, हजारावर गेला तर खाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. आणि ८० च्या आसपास आला, तर कुणी कितीही शोरूमवानी म्हणो, त्या भागावर बफिंगचं मशीन लावू देऊ नका.