सैन्य नसलेला वारस

जटपुरा दरवाजातली वाहनांची कोंडी चंद्रपूरकरांच्या अंगवळणी पडली आहे. हा दरवाजा ज्या परकोटाचा, तो गोंड राजांचा. 1751 मध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांनी शेवटचा राजा नीलकंठशहा याला कैदेत टाकले आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, घेतले. इथवरची गोष्ट जिल्ह्यात पुष्कळांना ठाऊक असते. मला कुतूहल आहे ते त्यानंतर चारच वर्षांनी पेटलेल्या भांडणाचे.

1755 मध्ये रघुजी वारले. त्यांच्या मुलांपैकी जानोजी वयाने मोठे, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. गादी वयाला मिळावी की आईच्या मानाला? वाद निवाड्यासाठी पुण्याला पेशव्यांकडे गेला. सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना मिळाले, चांदा आणि छत्तीसगड मुधोजींच्या वाट्याला आले. हक्काचा एवढा कीस पाडला गेला, पण ज्याच्या हातून चांदा घेतला त्या घराण्याचाही काही हक्क असेल, हा मुद्दा वादात कुठेच नव्हता.

इंग्लंडात 1066 साली हेच झाले. एडवर्ड राजा निपुत्रिक मेला. सरदारांनी मला निवडले, असे सॅक्सन हॅरॉल्ड म्हणत होता. नॉर्वेचा हाराल्ड जुन्या कराराकडे बोट दाखवत होता. नॉर्मंडीचा विल्यम म्हणे, एडवर्डने मला शब्द दिला होता आणि हॅरॉल्डने शपथ घेतली होती. 25 सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला हॅरॉल्डने नॉर्वेकरांचा फडशा पाडला, लगेच दक्षिणेकडे दौड मारली आणि 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जला तो स्वतः पडला. या तिघांपेक्षा रक्ताने जवळचा वारस होता एडगर नावाचा पोरगा. हेस्टिंग्जनंतर लंडनमधल्या मंडळींनी त्याला राजा म्हटलेही. पण काही आठवड्यांतच तो विल्यमला शरण गेला, आणि नाताळाच्या दिवशी मुकुट विल्यमच्या डोक्यावर चढला.

मग बळी तो कान पिळी, एवढेच का? तसे असते तर विल्यमने पोपचा आशीर्वाद कशाला मिळवला असता? रघुजींनीही देवगडचे गोंड राज्य गिळताना तिथल्या बुऱ्हाणशहाला नावापुरता राजा ठेवले, नेमणूक बांधून दिली. तलवारीने गड मिळतो, पण दुसऱ्या दिवशी वसुलीला गेलेल्या कारकुनाला सांगायला काही तरी लागते. बरोबर आलेल्या शिलेदारालाही आपण दरोडेखोर नाही असे वाटायला हवे. हक्काची भाषा त्यांच्यासाठी असते. आणि दार बहुधा घरातलेच कुणी उघडते: नॉर्वेच्या फौजेबरोबर हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग होता, देवगडात रघुजींना बोलावणारी तिथली विधवा राणीच होती.

1772 मध्ये जानोजीही निपुत्रिक वारले. पुन्हा तेच. या वेळी मुधोजींसमोर भाऊ साबाजी उभे राहिले. 26 जानेवारी 1775 ला नागपूरजवळ पाचगावला साबाजींची सरशी झाली होती. मुधोजींच्या हत्तीला वेढा पडला होता. तेवढ्यात मुधोजींनी गोळी झाडली, साबाजी कोसळले आणि लढाई तिथेच संपली. हेस्टिंग्जलाही हॅरॉल्ड पडल्यावर सॅक्सन फौज टिकली नाही. दोन्ही फौजा माणसासाठी लढत होत्या, मुलखासाठी नव्हे. मुलूख फक्त मार खात होता: त्याआधी माधवराव पेशवे आणि जानोजी यांच्यात जुंपली, तेव्हा 1769 मध्ये वेढा चांद्यालाही पडला होता. तटाच्या आत राहणाऱ्या कोष्ट्या-कुंभारांचा त्या तंट्याशी काय संबंध?

1853 मध्ये तिसरे रघुजी वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. दत्तकाचा हक्क इंग्रजांनी मानला नाही आणि पुढच्या वर्षी नागपूरबरोबर चांदाही खालसा झाला. भोसल्यांची गादी अशी लढाईवाचून गेली. 1858 मध्ये त्याच चांद्याच्या जंगलात इंग्रजांविरुद्ध गोंडांची फौज उभी केली, ती मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबुराव शेडमाकेंनी. 21 ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी दिले.