साडेतीन कुणाचे?

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. अर्जेंटिना-सौदी अरेबिया सामना आपल्या घड्याळात दुपारी साडेतीनला सुरू झाला. आमच्या प्रेडिक्शनच्या ग्रुपवर चौदा जण होते. सगळे चंद्रपूर-गडचिरोलीतले शाळासोबती, प्रत्येकी दोनशे रुपये भरलेले. अंदाज बरोबर आला तर तीन गुण, गोलसंख्याही अचूक असेल तर पाच. किकऑफनंतर आलेला अंदाज बाद. एक्सेल शीट माझी, हिशेब माझा, आणि खेळणाऱ्यांतही मी होतोच. शेवटची गोष्ट तेव्हा कुणालाच खटकली नाही, मलाही नाही.

मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली, तेव्हा तेरा जण खूश होते. सलग ३६ सामने न हरलेला संघ होता तो, आणि समोर फिफा क्रमवारीत ५१ वा. उत्तरार्धात सौदीनं पाच मिनिटांत दोन गोल केले आणि सामना २-१ नं संपला. सगळे शून्यावर, म्हणून कुणाला फारसं दुःखही नव्हतं.

सव्वासातला गुरुजीचा मेसेज आला : 'सौदी २-१.'

गुरुजी म्हणजे आमच्यातला एकटा मास्तर. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतो. शाळेत नेटवर्क नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलं की एखादी काडी येते. त्याचं म्हणणं, मधल्या सुट्टीत एक चाळीसला टाईप करून पाठवलं होतं, संध्याकाळी वळणावर आल्यावर ते गेलं. त्यानं स्क्रीनशॉटही टाकला. वेळ १:४० दिसत होती.

ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. मी लिहिलं, 'सॉरी गुरुजी, उशिरा आला. बाद.'

त्यानं अंगठा टाकला. विषय संपला.

रात्री त्याचा फोन आला. वळणावर उभा असणार, कारण आवाज तुटत होता.

"तुले वाटते का मी खोटा बोलतो?"

"नाही बे."

"मग काऊन बाद?"

मी जे उत्तर दिलं ते माझ्या धंद्यातलं होतं. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते हेच : वापरणाऱ्याच्या फोनवरच्या घड्याळावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. ते कुणीही मागे-पुढे करू शकतो. खरी वेळ सर्व्हरची. यात कुणावर संशय नसतो, सगळ्यांना एकच माप असतं. तो "बरं" म्हणाला आणि आवाज गेला. त्यानं ठेवला की नेटवर्कनं, कळलं नाही.

त्याच्या बाजूनं एक गोष्ट होती, ती मी तेव्हा बोललो नाही. गुरुजी कायम कमजोर संघ धरतो. आदल्या दोन दिवसांत त्यानं कतार आणि इराण धरले होते, दोन्ही हरले. म्हणजे त्यानं सौदी धरणं अजिबात नवल नव्हतं. आणि हाच मेसेज 'अर्जेंटिना ३-०' असता, तर तो उशिरा आला हे कुणी पाहिलंही नसतं. मीही नसतं. नियम होता खरा, पण मी तो वापरला गुरुजी बरोबर ठरल्यावर. ज्या शब्दाची किंमत पाच गुण आहे त्यालाच पुरावा मागितला.

त्याच सामन्यात पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईडमुळे रद्द झाले. त्या स्पर्धेत छताखाली बारा कॅमेरे खेळाडूंवर लक्ष ठेवून होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा माहिती पाठवत होता. खांदा पुढे होता की नाही, हे ते यंत्र सांगू शकतं, कारण खांदा मैदानात असतो आणि कॅमेरे दोन्ही संघांवर सारखेच असतात. माझा सर्व्हर सगळ्यांना सारखा कुठे होता? चंद्रपुरातल्या माणसाला साडेतीनची मुदत म्हणजे तीन एकोणतीस. गुरुजीला ती म्हणजे आदल्या संध्याकाळची वळणावरची चक्कर. मी मोजलं ते मेसेज पोहोचणं, आणि त्याला नाव दिलं 'अंदाज उशिरा केला'.

पैसे नसते तर मी गुण दिले असते का? बहुतेक हो. २,८०० रुपये इतरांचेही होते, त्यामुळे दिलदारी दाखवायला ते माझे नव्हते. पण यातही एक पळवाट आहे. ग्रुपला विचारता आलं असतं. बाकी बारा जण कदाचित एका मिनिटात "दे ना बे" म्हणाले असते. मी विचारलंच नाही, कारण विचारलं तर निर्णय माझा राहिला नसता. (आमचे आबा सांगायचे, कोंबडबाजारात पायाला काती बांधलेल्या कोंबड्यांवर पैसे तोंडी बोलून लागायचे, कागद नसायचा. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असायचा आणि आजीच्या चेहऱ्यावर राग. बाजार वाईटच. पण तिथं शब्द मोडणारा पुन्हा उभा राहू शकत नसे, एवढं खरं.)

कायद्याच्या बाजूनं मी तसाही फार वर मान करून बोलू शकत नाही. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. सौदीचा निकाल पाहून आमच्या कौशल्याची साक्ष कोण देणार?

१८ डिसेंबरला अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. शीटवर गुरुजी दुसरा होता, पहिल्यापेक्षा तीन गुणांनी मागे. त्या पाच गुणांचा हिशेब ग्रुपवर कुणी काढला नाही. त्यानंही नाही. मी मात्र शीट बंद करण्याआधी त्या रकान्यात ५ टाकून पाहिलं, आणि पुन्हा ० केलं.

येत्या ११ जूनला पुढचा वर्ल्ड कप सुरू होतोय. संघ ४८, सामने १०४, वेळा बहुतेक मध्यरात्रीच्या नाहीतर पहाटेच्या. आणि तेव्हा पावसाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, वळणावर जाऊन तरी काय मिळणार? या वेळी शीट मी ठेवीन, पण खेळणार नाही, असं ग्रुपवर सांगितलंय. गुरुजीला वेगळा फोन केला. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "साखळीचे बहात्तर सामने आताच कागदावर लिहून देतो. पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देईन, आलापल्लीले तुह्या भावानं घ्याचं. चालते का?"

"चालते," मी म्हटलं.

"पाकीट फोडून पाहाचं नाही पण."

"नाही पाहत."

"सौदीच धरलाय एका ठिकाणी," तो म्हणाला.