चौथा नंबर

नातीची आठशे मीटरची शर्यत पाहायला गेल्या माघात मुळशी तालुक्यात गेलो होतो. लवळ्याच्या बाजूला टेकड्यांवर आता खासगी विद्यापीठे उभी आहेत. सिंबायोसिसचे आहे, फ्लेमचे आहे. नातीचे कोणते ते सांगत नाही, कारण मला म्हणायचे आहे ते कोणा एकाविषयी नाही.

पहाटे गाडी पिरंगुटजवळ आली तेव्हा रस्त्याच्या कडेने पाचसहा पोरे धावत होती. एकाच्या पायांत काहीच नव्हते. “भरतीची पोरं, काका,” चालक म्हणाला. पोलीसभरतीला सोळाशे मीटर धावावे लागते, आणि जितके सेकंद कमी तितके गुण अधिक.

पुढे मैदान. आखीव पांढऱ्या रेघा, सावलीला मांडव, लिंबूसरबत. नात चौथी आली आणि धापा टाकीत म्हणाली, “आजोबा, काय मजा आली!” मला धन्य वाटले. हाच खरा खेळ, बक्षिसाची आस नसलेला, असे मनाशी म्हटलेही. आणि लगेच ती पहाटेची पोरे आठवली. भरतीत थोडक्यात हुकलेला पोरगा असा हसेल का? आणि नाही हसला, तर त्याचे धावणे हलके ठरते का?

खेळ खेळासाठी खेळावा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. हा विचार ज्या इंग्लंडातून आला, तिथल्या नौकाशर्यतींत एकोणिसाव्या शतकात ‘हौशी’ या व्याख्येतून मजूर आणि कारागीर सरळ वगळले होते. हौस ही अंगमेहनत न करणाऱ्यांचीच मिरास! आपल्याकडे जत्रेच्या फडात मात्र पोराटोरांची कुस्ती रेवड्यांवर आणि मोठ्यांची इनामावर उघड लागते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मुळशी हा तर तालमींचा मुलूख. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ देतात ते मामासाहेब मोहोळ इथल्याच मुठे गावचे.

या संदर्भात मला खाशाबा जाधव आठवतात. 1952 साली हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या लावल्या, जिंकल्या, आणि त्या पैशांतून गुरूंचे घर सोडवले, असे सांगतात. पुढे 1955 साली पोलीस खात्यात नोकरी धरली. हेलसिंकीची कुस्ती देशासाठी, म्हणून ती थोर. आणि कर्ज फेडण्यासाठी केलेल्या कुस्त्या पैशासाठी, म्हणून उण्या? मला तसे म्हणवत नाही. उलट त्या दुसऱ्या कुस्त्यांपुढे मी अधिक वाकतो.

नातीचे मैदान फीच्या पावतीत आले. फी तिच्या बापाने भरली, थोडी मीही घातली. आपल्या पोरीसाठी पैसे मोजले एवढेच आमचे कर्तृत्व. त्याला मी क्रीडाप्रेम म्हणत होतो. खर्डेकरांनी घर गहाण टाकले ते दुसऱ्याच्या मुलासाठी. तिच्या आनंदात खोट नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण तो आनंद थोर आहे असा निवाडा मी दिला, तो कोणत्या अधिकाराने? पोटाची काळजी तिच्या वतीने दुसऱ्या कोणी वाहिली, म्हणून ती निर्हेतुक धावू शकली. यात तिचा दोष नाही. माझाही नसेल, पण ही गोष्ट मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुचावी याची लाज वाटली.

संध्याकाळी परतताना हे सारे नातीला सांगू लागलो. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “आजोबा, तुम्ही त्यांना विचारलंत का कधी?”

नव्हते विचारले.

पिरंगुटच्या अलीकडे पोरे पुन्हा धावत होती. एकजण कडेला उभा राहून मोबाइलवर वेळ धरीत होता. नातीने गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून विचारले, “किती झाले?”

“पाच चव्वेचाळीस!” अनवाणी पोरगा गुडघ्यांवर हात टेकीत ओरडला. “काल पाच पन्नास होते, ताई!”

नात दार उघडून खाली उतरली.