मेल्यानंतरची भूक

बडोद्याच्या संग्रहालयात एक इजिप्शियन ममी आहे. तिच्यापुढे, किंवा जगातल्या कुठल्याही ममीपुढे, मराठी माणूस उभा राहिला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “मेल्यावर देहाचा एवढा सोस कशाला? आपलं बरं, जाळलं की सुटलं.” हे वाक्य खटकतं. इजिप्तविषयी ते अर्धवट आहे आणि आपल्याविषयी तर साफ चुकीचं.

सत्तर दिवसांचा विधी, नॅट्रॉन क्षारात वाळवलेला देह, नाकावाटे काढलेला मेंदू, जागेवरच ठेवलेलं हृदय, हे सगळं शाळेच्या पुस्तकापासून ऐकलेलं असतं. पण देह टिकवणं हे साधन होतं. खरी काळजी होती मेलेल्याच्या जेवणाची. थडग्यांवरच्या लेखांत भाकरी, बिअर, बैल आणि पक्षी यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. काही लेख तर वाटसरूलाच विनवतात: हातात काही नसेल तर निदान या वस्तूंची नावं तोंडाने घे, त्याला पैसे पडत नाहीत.

म्हणून अंत्यसंस्कारांची वाटणी पुरणारे आणि जाळणारे अशी करण्यात अर्थ नाही. निरोप देणारे आणि सांभाळणारे, ही खरी वाटणी. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात सैनिकांचे देह घरी पोचवण्यासाठी रसायनं भरण्याची पद्धत रुजली. 1865 साली लिंकनचा देह तसाच रेल्वेने गावोगावी दर्शनाला नेला गेला. वरवर पाहता ही ममीचीच धाकटी बहीण. पण तिथे देह राखायचा तो अखेरचं दर्शन होईपर्यंत. पुढे मेलेल्याला भूक लागेल, असं कुणी धरून चालत नाही.

दहाव्याला घाटावर मात्र ती भूक समोर दिसते. पिंड मांडलेला असतो, कावळा झाडावरून हलत नाही, आणि घरचं वडीलधारं माणूस हात जोडून मोठ्याने सांगतं, “धाकटीचं लग्न आम्ही लावू, काळजी करू नका.” तरीही कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. ही मेलेल्या माणसाशी उघड बोलणी आहेत.

अशीच बोलणी इजिप्तमध्ये मातीच्या वाडग्यांवर लिहून होत. कैरोच्या संग्रहालयातल्या एका वाडग्यावर देदी नावाची बाई मेलेल्या इंतेफिकेरला जाब विचारते. घरातली दासी आजारी आहे, तुम्ही तिच्यासाठी लढत का नाही? ती गेली तर तुमचंच घर मोडेल. घाटावर वचन दिलं जातं, इथे धाक घातला आहे. पण दोन्हीकडे गेलेला माणूस अजून घरातलाच आहे.

सिसिलीचा डायोडोरस इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इजिप्तला जाऊन आला आणि लिहून गेला की हे लोक राहत्या घरांना धर्मशाळा मानतात व थडग्यांना कायमची घरं. तेव्हापासून ‘मरणवेडे इजिप्शियन’ हा शिक्का बसला तो बसलाच. वास्तविक घरं कच्च्या विटांची होती, नाईलच्या ओल्या मातीत विरघळून गेली. थडगी कोरड्या वाळवंटाच्या कडेला दगडात होती, म्हणून उरली. उरलेल्या वस्तूंवरून एका समाजाचं मन ठरवणं हा अन्याय आहे.

तरी डायोडोरसला पुरतं झटकून टाकता येत नाही. चार हजार वर्षांपूर्वीचा अस्यूतचा प्रांताधिकारी जेफाइहापी घ्या. त्याने आपल्या थडग्यात पुजाऱ्यांशी केलेले दहा करार कोरून घेतले. पुतळ्यापुढच्या दिव्याच्या वातीसुद्धा त्यात ठरवलेल्या आहेत. मोबदला देताना वडिलोपार्जित मालमत्ता कोणती आणि पदाची कोणती, हे तो बजावून वेगळं करतो. देवळाचा एक दिवस म्हणजे वार्षिक उत्पन्नाचा 360 वा भाग, असा हिशेबही लिहून ठेवतो. हा माणूस पोराबाळांच्या प्रेमावर विसंबलेला नाही. त्याला विसर पडण्याची धास्ती आहे, आणि त्या धास्तीपुढे दगडही पुरा पडला नाही. त्याची पत्नी सेन्नुवी हिचा सुंदर पुतळा 1913 साली थेट सुदानमधल्या केर्मा इथे, नूबियन दफनाच्या टेकाडात सापडला. आज तो बॉस्टनमध्ये आहे.

जेफाइहापीकडे पाहिल्यावर ‘सांभाळणारे’ श्रेष्ठ, असं सरसकट म्हणवत नाही. सांभाळण्याला शेवट नसेल तर त्याचा करार होतो. आपल्या श्राद्धाने इथे एक फार शहाणी सोय केली आहे. पिंड वडील, आजोबा आणि पणजोबा या तिघांना. सपिंडीकरणात नवा पितर त्यांच्यात मिसळतो तेव्हा सर्वात जुना पुढे सरकतो. त्याच्या नावाचा स्वतंत्र पिंड राहत नाही. ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे या विधीत आठवणीइतकीच विसरण्यालाही जागा आहे, आणि ती कुणाचा अपमान न करता दिलेली आहे.

पक्षपंधरवड्यात गुरुजी नावं विचारतात आणि पणजोबांपाशी अनेकजण अडखळतात, ओशाळतात. त्यांच्या मागची नावं आठवली नाहीत तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पणजोबांचं नाव मात्र चुलत्यांना फोन करून विचारून घ्यावं.