चावी आत, अक्कल बाहेर

बस समोर. पाणी नंतर पी. आणि तो मोबाइल आधी खिशात घाल. रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात काय झालं ते पालघरपासून बोईसरपर्यंत सगळ्यांना कळलंय, तेव्हा पुन्हा सांगायची तसदी घेऊ नकोस. तुझी दोन वर्षांची पोर सुखरूप आहे आणि फुटलेली काच नवी बसेल, म्हणून मी आज तुला निदान रागावू तरी शकतोय.

मला खटकलं ते तुझं फोनवरचं वाक्य. म्हणे, "सर, ही गाडी अशी लॉक होऊच शकत नाही. चावी आत राहिली की ती बीप देते. शोरूममध्ये दाखवलं होतं." शोरूममध्ये दाखवलं होतं! अरे, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडलेला तू. आज तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेस, हाताखाली चार पोरं आहेत. आणि गाडीचं ज्ञान शोरूममधून उसनं आणतोस? डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे ना? मान हलवू नकोस, मला माहीत आहे.

शोरूमवाला खोटं बोलला नाही. तू अर्धं ऐकलंस. आता पूर्ण ऐक.

दाराच्या मुठीवरचं बटण दाबलंस की गाडी आधी चावीचा ठावठिकाणा काढते. त्यासाठी तिच्या अंगात ठिकठिकाणी अँटेना बसवलेले असतात. काही दाराच्या मुठीत, काही आत सीटच्या आसपास, एखादा डिकीजवळ. ते साधारण 125 किलोहर्ट्झवर हाक देतात. ही हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे पोचत नाही आणि पोचू नये अशीच तिची रचना असते. खिशातल्या चावीतली तारेची गुंडाळी ती हाक ऐकून जागी होते आणि 433 मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर पाठवते. कुठल्या अँटेनाची हाक ऐकू आली, किती जोरात आली, यावरून गाडी ठरवते की चावी बाहेर आहे की आत. बाहेर असेल तर कुलूप लागतं. आत असेल तर बीप वाजतो आणि दार तसंच राहतं. तुला शोरूममध्ये दाखवला तो खेळ एवढाच.

हा खेळ लहान आहे असं मी म्हणत नाही. पद्मिनीच्या आणि पहिल्या मारुती 800 च्या जमान्यात, म्हणजे 1983 नंतरही बरीच वर्षं, चावी स्विचला लटकत ठेवून, खुंटी दाबून, मूठ वर धरून दार आपटणारे महाभाग रोज भेटायचे. मग काचेच्या रबरातून पट्टी सरकवायची, वाकवलेली तार फिरवायची, भोवती बघ्यांची गर्दी. फोर्डने 1980 मध्ये दारावर आकड्यांची बटणं दिली, पुढे दोनेक वर्षांत रेनॉच्या फुएगोला रिमोट आला. दार लांबून उघडायला लागलं, पण चावी कुठे पडली आहे हे गाडीला अजूनही कळत नव्हतं. उलट रिमोटवाल्या गाड्यांनी एक नवा घोळ आणला. रिमोटने उघडायचं, फक्त डिकी उघडून सामान ठेवायचं, चावीही तिथेच ठेवून डिकी आपटायची. दार उघडलं नाही म्हणून गाडी अर्ध्या मिनिटात आपली आपण पुन्हा लॉक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बिनचावीची पद्धत आली, तेव्हा कुठे गाडी चावीची जागा ओळखायला लागली. आज बोईसरच्या सोसायटीत उभ्या असलेल्या साध्या हॅचबॅकमध्येही ती सोय आहे. चांगली सोय आहे. तिच्यामुळे हजारो लोकांचा मनस्ताप वाचतो. पण ती एकाच चुकीवरचा इलाज आहे आणि तू दुसरी चूक केलीस.

नारळपाणी आणायला खाली उतरलास. बायको आधीच उतरून पलीकडे उभी. चावी तिच्या पर्समध्ये, पर्स सीटवर, पोर मागच्या सीटवर. पोर पुढे सरकली आणि दारावरचं लॉकचं बटण तिने दाबलं. आता सांग, गाडीने काय करायला हवं होतं? आतल्या माणसाने आतून कुलूप लावणं ही गाडीच्या हिशेबी चूकच नाही. रात्री चरोटी नाक्याला अनोळखी माणसाने काच ठोठावली तर तुझी बायको तेच बटण दाबणार आहे, आणि तेव्हा ते लागलंच पाहिजे. दाबणारं बोट दोन वर्षांचं आहे हे गाडीला कसं कळणार? मग तू बाहेरून मुठीवरचं बटण दाबत बसलास. बाहेरच्या अँटेनाने हाक दिली, बाहेर चावीच नव्हती, गाडी गप्प राहिली. तिने आपलं काम चोख केलं. कामचुकार तू.

आणि गाडी उन्हात होती. 2005 साली अमेरिकेतल्या 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बंद गाड्यांच्या तापमानाचा अभ्यास छापून आला. तासाभरात आतलं तापमान सरासरी सुमारे 22 अंश सेल्सिअसने चढलं आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आपल्याकडच्या वैशाखात बाहेरच किती असतं ते तुला सांगायला नको. तुम्ही मात्र तिथे पट्टी शोधत होता, कुणी तार आणत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. पोर आत असेल तर तार-पट्टी करायची नाही. 112 लावायचा आणि पोर जिथे आहे तिथून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडायची. पुढची काच फोडायला जाऊ नये, ती थर चिकटवलेली असते, फुटली तरी जागा सोडत नाही. हे तिथल्या नारळवाल्याला सुचलं. आयटीआयवाल्याला नाही.

आणखी कुठे कुठे ही पद्धत हात टेकते, लिहून घे. स्टीलच्या डब्यांच्या पिशवीत चावी घालून पिशवी डिकीत टाकलीस, तर धातूमुळे हाक अडू शकते आणि गाडीला वाटतं चावी आत नाहीच. डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात, स्टेपनीच्या खळग्यात काही गाड्यांना चावी नीट दिसत नाही. मोबाइल किंवा लॅपटॉपला खेटून ठेवली तरी गोंधळ होतो. चावीतला नाण्याएवढा सेल मेलेला असेल, तू आतलं लॉक दाबून दार लावलंस आणि चावी सीटवर राहिली, तर तिने उत्तर द्यायचं कशाने? दुसरी चावी बाहेर कुणाच्या खिशात असेल तर काही गाड्या खुशाल लॉक होतात आणि पहिली आतच राहते. हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. त्या पिशवीतल्या मॅन्युअलमध्ये.

या सोयीने एक नवी फजितीही जन्माला घातली आहे, आणि आपल्या भागात ती व्हायला अगदी सोपी आहे. नवरा बायकोला सकाळी बोईसर स्टेशनला सोडतो. चावी तिच्या पर्समध्ये. इंजिन चालूच असतं. ती उतरून डहाणूहून येणारी लोकल पकडते. गाडी बीप देते, पडद्यावर सूचना येते, साहेब फोनवर बोलत असतात. चालू इंजिन गाडी मधेच बंद करत नाही, रस्त्यात बंद पडली तर त्यात जास्त धोका. साहेब एमआयडीसीत पोचतात, इंजिन बंद करतात, संध्याकाळी बटण दाबतात. गाडी ढिम्म. चावी तोवर विरार गाठून कधीच पुढे गेलेली असते. जुन्या गाडीत हे घडूच शकत नव्हतं, कारण चावी लावल्याशिवाय गाडी हलत नव्हती.

आता मुख्य मुद्दा. मला राग कशाचा आलाय ते नीट समजून घे. तुला हे कळत नाही असं नाही. तुझ्या कंपनीत सेंट्रीफ्यूज फिरत असताना झाकण उघडत नाही. इंटरलॉक आहे. म्हणून तू झाकणाला हात लावून बघतोस का, उघडतंय का म्हणून? नाही. ॲजिटेटरवर काम करायचं असेल तर तू आधी आयसोलेटर बंद करतोस, त्याला तुझं कुलूप घालतोस, तुझ्या नावाचा टॅग लावतोस. आणि चावी? चावी तुझ्या खिशात. सुपरवायझरच्या टेबलावर नाही, खिळ्याला नाही, सहकाऱ्याच्या हातात नाही. तुझं कुलूप, तुझी चावी, तुझा खिसा. शिफ्टभर हा नियम तू पाळतोस, कारण तो मोडला तर हात जातो, जीव जातो.

शेजारीच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, 1969 पासून वीज देतंय. अणुभट्टीच्या इमारतीत शिरताना एअरलॉक असतो. दोन दरवाजे, पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. पण म्हणून तिथला माणूस दरवाज्याकडे पाठ करून आत-बाहेर करत नाही. प्रत्येक पायरीला तपासणी, नोंद, परवाना. रेल्वे फाटकाचंही तसंच. इंटरलॉक केलेलं फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल गाडीला वाट देत नाही, तरी गेटमन डोळे उघडे ठेवूनच उभा असतो. यंत्रातली ही अडवणूक माणसाची चूक झालीच तर शेवटच्या क्षणी हात धरण्यासाठी असते. चूक करायचा परवाना म्हणून ती कुणी दिलेली नाही. हे तू कारखान्यात जाणतोस आणि गेटबाहेर पडून गाडीत बसलास की विसरतोस. अडाण्याला मी समजावलं असतं. तुला झापतोय, कारण तू अडाणी नाहीस.

सोय गाडीत असणं आणि ती आपल्या उपयोगी पडणं यातलं अंतर या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. 4 सप्टेंबर 2022 ला चरोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. गाडी उत्तम होती, मागच्या सीटला पट्टे होते. मागे बसलेल्या दोघांनीही ते लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्या पुलावरून तू दर महिन्याला जातोस. मागे बसलेल्यांना पट्टा लावायला सांगतोस? नको, उत्तर नको देऊस.

आता कामं देतो. पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये, मी तपासणार आहे.

चावीच्या पोटात एक छोटी लोखंडी चावी असते, ती बाहेर काढून दाखव. चालकाच्या दाराच्या मुठीला झाकणाखाली भोक असतं, त्यात ती फिरवून दार उघडून दाखव. गाडीची बॅटरी उतरली तर तीच कामाला येते. आपल्या खाऱ्या वाऱ्यात न वापरलेलं कुलूप धरतं, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा ती फिरवायची. सेल गेला तरी बटणाजवळ किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी चावी टेकवून इंजिन कसं सुरू होतं तेही करून दाखव. चावीतली चिप गाडीकडूनच ऊर्जा घेते, तिला सेल लागत नाही. सेल कधी बदलला ती तारीख चावीच्या मागे लिही.

दुसरी चावी कपाटात कुलपाआड ठेवून उपयोग नाही. ती घरातल्या अशा माणसाकडे ठेव, जो फोन केल्यावर निघू शकेल. आणि घरात शिरलास की चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगायचं बंद कर. झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्येच दाखवून दिलंय की गाडीची हाक यंत्राने लांबवर पोचवून घरातल्या चावीकडून उत्तर मिळवता येतं. आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर त्यांनी ते करून दाखवलं. चावी आतल्या खोलीत ठेव. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवणार असशील, तर डबा हातात धरून गाडीजवळ उभा राहा आणि दार उघडतं का ते आधी तपासून बघ.

पोरीच्या हातात खेळायला चावी द्यायची नाही. पोर आत असताना गाडीतून एकटं उतरायचं नाही, नारळपाण्यासाठी नाही, एटीएमसाठी नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. पोर आधी कडेवर, मग दार बंद. आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग, चावी त्याच्याच खिशात. पर्समध्ये नाही, कप होल्डरमध्ये नाही, सीटवर नाही. इंजिन बंद केलं की उतरायच्या आधी खिशावर हात मारून बघायचं, मग दार.

कंपनीत तू कुलूप घालून चावी खिशात ठेवतोस, तिथे वरून बघायला सुपरवायझरही असतो. गाडीत बघायला सुपरवायझर नसतो, तिथे शिस्त तुझी तुलाच पाळायची आहे. ती पाळता येत नसेल तर लायसन्स काढून माझ्या टेबलावर ठेव आणि एसटीने फिर. जा आता. रविवारी दहा वाजता, गाडी आणि दोन्ही चाव्या घेऊन. उशीर चालणार नाही.