हिमवाटेवरील सोबत

आपला जीव आपला आहे. तो धोक्यांत घालावयाचा कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकारहि आपलाच, असें हल्लीं सुशिक्षित माणसें सहज बोलून जातात. घरांतील तरुण मुलें हिमालयांतील लांबच्या पायवाटा चालावयास निघालीं आणि वडील माणसांनीं काळजी दाखविली, म्हणजे हें उत्तर हटकून मिळतें. तें कितपत खरें आहे, याचा थोडा विचार करूं.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं; तरी हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. आश्विन-कार्तिकांत बंगालच्या उपसागरांत वादळ उठलें, कीं शेतांत कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा भिजतील, या चिंतेनें येथील शेतकऱ्याची झोप उडते. असेंच वादळ उत्तरेस सरकून हिमालयास भिडलें, म्हणजे त्याच्या पाण्याचें बर्फ होतें. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं ‘हुदहुद’ वादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळलें. आणि दोनच दिवसांनीं, नेपाळांत अन्नपूर्णा पर्वतराजीला वळसा घालणाऱ्या प्रसिद्ध पायवाटेवर, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग घाटांत, त्याच वादळामुळें भयंकर हिमवृष्टि झाली. एरव्हीं तो महिना निरभ्र आकाशाचा, म्हणून वाट प्रवाशांनीं गजबजलेली होती. त्या भागांत चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत परदेशी प्रवासी होते, तसेच नेपाळी वाटाडे, हमाल व याक राखणारेहि होते.

आमची शंका येथेंच उभी राहते. प्रवाशानें धोका स्वखुशीनें पत्करला, हें मान्य. हमालानें तो मजुरीसाठीं पत्करला. प्रवासी थांबता, तर तोहि थांबता. मग ‘माझा जीव’ या शब्दांत त्याचा जीव कोणत्या हिशेबानें धरला गेला?

बर्फाचा स्वभावच असा आहे कीं, तेथें धोका एकट्याचा राहत नाहीं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर नवें बर्फ साचलें असतां, एका माणसाच्या भारानेंहि थर सुटतो आणि खालून येणाऱ्यांच्या अंगावर कोसळतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला, तर वांचण्याची आशा मोठी. पुढें ती झपाट्यानें ओसरते. इतक्या अवधींत दूरचें पथक येऊं शकत नाहीं. हात देतो तो सोबतीच. थंडीनें बुद्धि मंदावलेल्या माणसास आपली अवस्था स्वतःला कळत नाहीं. तीहि सोबत्यासच ओळखावी लागते.

मग कोणीं जाऊंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. प्रवासी आलेच नाहींत, तर हमालाची चूल पेटणार नाहीं. आणि धाडसावांचून तारुण्य तें कसलें? परंतु जाण्याच्या हक्काबरोबर परतण्याचें कर्तव्य येतें. तें कठीण असतें. कारण सुट्टी संपत आलेली असते, पैसा खर्च झालेला असतो, आणि घाट ओलांडल्याची गोष्ट घरीं सांगावयाची असते. नेपाळांत एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांनीं वाटाड्या सोबत न्यावा, असा नियम झाला. नियम चांगलाच, पण मजुरी घेणाऱ्या वाटाड्यास ‘परत फिरूं या’ असें म्हणण्याचें धैर्य नियम देत नाहीं, तें मजुरी देणाऱ्यानें द्यावयाचें असतें.

महाप्रस्थानाच्या वेळीं द्रौपदी व चारहि भाऊ वाटेंत पडले, तरी धर्मराजानें मागें वळून पाहिलें नाहीं. परंतु ते सर्व संसाराचा त्याग करून निघाले होते. आपण रजा काढून निघालेलों असतों! शिवाय त्याच धर्मराजानें, इंद्राचा रथ समोर उभा असतां, बरोबर चालत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गाला जाण्याचें नाकारलें. घाट ओलांडणें ही गोष्ट स्वर्गाहून खास मोठी नव्हे.

म्हणून वडील माणसांनीं ‘जाऊं नको’ असें म्हणण्यापेक्षां इतकेंच विचारावें: तुझें ओझें कोण वाहणार? त्याच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत काय? आणि तो ‘पुरे’ म्हणाला, तर तूं ऐकशील काय?